चौथी सीट, सोसायटीचा फळा आणि खाडा

लोकलच्या सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी बनवलेला आहे. त्यावर चौघं बसतात. चौथ्याच्या वाट्याला येते ती एक मांडी टेकण्याइतकी जागा, दुसरा पाय वाटेत. रेल्वेने हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. तरी संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण स्लोमध्ये कुर्ला येईस्तोवर कुणीतरी "जरा सरका" म्हणतं आणि तिघं सरकतात. मुलुंडला खिडकीवाला उठला की अख्खी रांग एकेक जागा आत जाते, चौथा तिसरा होतो, उभ्यांतला एक जण चौथा होतो. बायकांच्या डब्यात याच्या पुढची पायरी आहे. बसलेलीला आधीच विचारून ठेवायचं, "कुठे उतरणार?" ती "ठाणे" म्हणाली की ती सीट ठाण्यापासून बुक. मध्येच दुसरी कुणी टेकली तर भांडण ठरलेलं.

आता त्याच गाडीचा फर्स्ट क्लास पाहा. तिथे सहसा चौथी सीट नसते. मागणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू त्याने दुसऱ्याचा जेवणाचा डबा उघडला. गाडी तीच, गर्दीची वेळ तीच, आणि काही माणसं तर पगार वाढला म्हणून गेल्याच महिन्यात सेकंडमधून इकडे आलेली. महिनाभरात कुणाचा स्वभाव बदलत नाही, पास बदलतो. समाजशास्त्राची नजर म्हणतात ती इथून कामाला लागते: वागण्याचं कारण माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी तो कुठल्या जागी बसलाय ते बघायचं. ही नजर वही-पेन घेऊन आपल्याच गाडीत, बाजारात, सोसायटीत कशी लावायची, ते इथे सांगतो.

लिहिलेले नियम वाचता येतात. न लिहिलेले दिसतात ते मोडल्यावर. हॅरल्ड गार्फिंकेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी पेइंग गेस्टसारखं वागायला सांगितलं होतं. अदबीने बोलायचं, घरगुती विषय काढायचे नाहीत, फ्रिजमधलं काही घ्यायचं तर परवानगी मागायची. घरचे गोंधळले, चिडले, काहींनी बरं नाहीये का म्हणून विचारलं. घरातल्या मोकळेपणालाही नियम असतात, हे त्या गोंधळातून बाहेर आलं. ठाण्यात असा प्रयोग मुद्दाम करायची गरज पडत नाही, गर्दीच तो करून दाखवते. कर्जत किंवा कसाऱ्याच्या गाडीत दादरला चढलेल्या ठाणेकराला "ठाण्याला स्लो मिळत नाही का?" हे ऐकावंच लागतं. तिकीट दोघांकडे आहे, तरी डब्यातला हक्क अंतरावर मोजला जातो. लांब जाणारा तो खरा प्रवासी, जवळचा उपरा. हा नियम गाडी रिकामी असताना कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणून निरीक्षणाला जागा निवडताना जिथे खटके उडतात ती निवडावी. तलावपाळीवर बसून सूर्यास्त छान दिसतो, समाज फारसा दिसत नाही.

साहित्य फार लागत नाही. खिशात मावणारी वही आणि पेन. मोबाइलवर टिपलं तर सोपं जातं, पण मोबाइल जरा उभा धरला की समोरच्याला फोटो काढतोय असं वाटतं, आणि बायकांच्या डब्याजवळ ते वाटणं योग्यच आहे. एका जागेला चाळीस मिनिटं द्यायची. त्याहून कमी वेळात डोळा फक्त वेगळं, भडक तेवढं टिपतो. त्याहून जास्त वेळ बसलं की मन भरकटतं. एकच जागा किमान तीनदा बघायची: कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी रात्री आणि रविवारी. सकाळी आठच्या ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेवरून "ठाणेकर शिस्तीचे" असा निष्कर्ष काढणाऱ्याने रात्री साडेदहाला, पाऊस असताना, तीच रांग बघावी.

वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा: दिसलं, ऐकलं, वाटलं. सुरुवातीला तिसरा भागच भरत राहतो आणि तिथेच सगळं बिघडतं. "गेटवर एक मध्यमवर्गीय बाई कामवालीशी उर्मटपणे बोलली" ही नोंद नाही, निकाल आहे. नोंद अशी हवी: "७.५०. गेट. पन्नाशीची बाई, हातात दुधाची पिशवी. तिशीची बाई आत येते, खांद्याला पिशवी. पहिली: काल का नाही आलीस? दुसरी, चालता चालता: पाणी. वॉचमन रजिस्टर ओढतो, तिचं नाव स्वतःच लिहितो." आता यातून प्रश्न निघतात. "आलीस" का, "आलात" का नाही? एका शब्दाचं उत्तर पुरलं कसं? तिचं नाव वॉचमन का लिहितो? विशेषण कमी झालं की प्रश्न वाढतात. जागेवर फक्त खुणेचे शब्द टिपायचे आणि त्याच रात्री झोपण्याआधी पूर्ण लिहून काढायचं. एक तास पाहिलं तर लिहायला दोन तास लागतील, असं धरून चाला. दुसऱ्या दिवशीवर टाकलं की माणसांची वाक्यं जातात आणि आपला सारांश तेवढा उरतो.

मराठी माणसाला एक सोय फुकट मिळालेली आहे: तू आणि तुम्ही. इंग्रजीत जे आवाजावरून ओळखावं लागतं ते आपल्याकडे क्रियापदातच असतं. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या अशा जोड्यांवर लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: सत्ता आणि जवळीक. दोघंही एकमेकांना तू म्हणत असतील तर जवळीक, दोघंही तुम्ही म्हणत असतील तर अंतर किंवा आदर, एक तू आणि दुसरा तुम्ही म्हणत असेल तर उतरंड. जांभळी नाक्याच्या बाजारात चाळीस मिनिटं उभं राहून हे मोजता येतं. वहीत प्रत्येक संभाषणाची एक ओळ: कोणी कोणाला काय म्हटलं, साधारण वय, पहिलं वाक्य कोणाचं, कुठल्या भाषेत. भाजीवालीला "मावशी" म्हणून पुढे "किती लावलेस?" असं येतं तेव्हा नातं वरचं आणि क्रियापद खालचं असतं. रिक्षावाल्याला "दादा", "काका", "भाऊ" किंवा "भैया" यांतलं काय मिळतं, हे त्याच्या वयापेक्षा तो कुठला वाटतो यावर ठरतं का, तेही तपासा. दोन मराठी माणसं एकमेकांना अमराठी समजून चार वाक्यं हिंदीत बोलतात आणि मग एकाच्या फोनवर घरचा फोन येतो. असा प्रसंग हाती लागला की त्या पानावर खूण करून ठेवा.

यात चूक होते ती दोन ठिकाणी. एक, वय न लिहिता मोजणं. साठीचा माणूस विशीतल्या पोऱ्याला तू म्हणतो त्यात सत्ता किती आणि वय किती, हे वेगळं करण्यासाठी समवयस्क जोड्या निराळ्या मोजाव्या लागतात. दोन, आपल्या घरातलं प्रमाण मानणं. आई "तू" आणि वडील "तुम्ही" हे अनेक घरांत अजून आहे. आईवर प्रेम जास्त म्हणून ती तू, असं सांगितलं जातं, पण मग तिच्या नवऱ्याला ती "अहो" का म्हणते? नव्या घरांत "ए बाबा" ऐकू येतं, "अहो"च्या जागी नाव येतं. तीन पिढ्या एका घरात असतील तर एका जेवणाच्या वेळेत हा बदल वहीत उतरतो. (विठोबाला मात्र सगळेच तू म्हणतात.)

सोसायटीच्या आवारात सगळ्यांत दुर्लक्षित दस्तऐवज म्हणजे नोटीस बोर्ड, जुन्या लोकांच्या तोंडी फळा. "गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालू नयेत." "जिन्यात चपलांचे स्टँड ठेवू नयेत." "लिफ्टमध्ये थुंकू नये." कुणी वाळत घातलेच नसते तर पहिली पाटी लागली नसती. म्हणजे प्रत्येक मनाई ही एका जुन्या भांडणाचं इतिवृत्त आहे. फळा उतरवून घेताना तारखेसह घ्या आणि प्रत्येक सूचनेला चार प्रश्न विचारा. बोलतंय कोण: कमिटी, सेक्रेटरी, की "आदेशावरून"? कोणाला: सभासद, भाडेकरू, "डिलिव्हरी बॉय", "मेड"? शिक्षा काय: दंड, प्रवेश बंद, की नुसती विनंती? आणि भाषा कोणती? शेवटच्या प्रश्नाकडे मी तरी सगळ्यांत आधी बघेन. घोडबंदर रोडच्या अनेक टॉवरांत मेन्टेनन्सच्या थकबाकीची सूचना इंग्रजीत असते आणि थुंकण्याची मराठीत नि हिंदीत. थुंकणार कोण आणि थकवणार कोण हे ठरवूनच ती टाइप झालेली असते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत सगळंच मराठीत, हातानं, आणि खाली सहीसुद्धा ओळखीची.

पण फळा सांगतो ते कमिटीला काय हवंय एवढंच. प्रत्यक्ष काय होतं त्यासाठी लिफ्टजवळ चाळीस मिनिटं काढावी लागतात. "कामगारांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी" अशी पाटी असेल तर मोजा: किती जणांनी पाळली, न पाळणाऱ्याला कोणी हटकलं, हटकणारा रहिवासी होता की वॉचमन. बहुतेक वेळा हटकण्याचं काम वॉचमनच्या गळ्यात असतं आणि हटकला जाणारा त्याच्याच वस्तीतला असू शकतो. नियम करणारा वर राहतो, राबवणारा आणि भोगणारा दोघं खाली. गेटच्या रजिस्टरचंही तेच. रकाने ठरलेले: नाव, कुठून, कोणाकडे, वेळ, गाडी नंबर, सही. "कुठून" या रकान्यात पाहुण्यापुढे "गेस्ट", पार्सलवाल्यापुढे कंपनीचं नाव आणि कामवालीपुढे "मेड" लिहिलं जातं. मोटारीतून येणाऱ्याला किती वेळा रजिस्टरशिवाय सोडतात हे गेटसमोरच्या टपरीवर चहा पिता पिता मोजता येतं. रजिस्टर स्वतः उतरवून घ्यायचं नाही, त्यात लोकांचे फोन नंबर असतात. रकाने टिपले तरी पुरतं.

शेजार मोजायचा तर आणखी सोपं साधन आहे. "तुमचे शेजारी चांगले आहेत का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि माहिती शून्य मिळते. त्याऐवजी विचारा: घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते? शेजारी, त्याच इमारतीतला नातेवाईक, वॉचमन, की कोणाकडेच नाही? वीस घरांची उत्तरं मिळाली की मजल्यामजल्याचा विश्वास कागदावर येतो. चाळीत हा प्रश्न चालत नाही, दिवसा तिथे दार उघडंच असतं. तिथे विचारायचं, दार लावून घेतलं तर कोण हाक मारतं.

आता खाडा. कामवाली आली नाही की घराघरात एकच निदान होतं, "हिचा भरवसा नाही." पण खाडे बहुतेक घरांत कालनिर्णयवर मांडलेले असतात, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी. म्हणजे विदा (डेटा) तयार आहे, भिंतीवर लटकलेली. पाच-सहा घरं, तीन महिन्यांची पानं, वेगवेगळ्या बायकांचे खाडे एका कागदावर तारखेनुसार मांडा. खाडे इकडेतिकडे विखुरलेले असतील तर आजारपण, मुलांची शाळा, गावचं लग्न. पण चार वेगवेगळ्या बायकांचे खाडे एकाच तारखेला पडत असतील तर भरवशाचा प्रश्न बाजूला ठेवून त्या दिवशी शहरात काय होतं ते बघा. पाण्याचं शटडाउन होतं का, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं ते कामाच्याच वेळेला का? गाड्या बंद होत्या का? किसननगर, लोकमान्यनगरसारख्या वस्तीत पाणी येण्याची वेळ आणि नौपाड्यातल्या फ्लॅटमध्ये भांडी घासायची वेळ एकच असेल, तर एक बाई दोन्हीकडे असू शकत नाही. "पाणी" या एका शब्दाचं उत्तर पुरतं ते यासाठी. विचारणारीलाही ते माहीत असतं.

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली हाच फरक मांडला: वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न. एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव तपासा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून हाती काही लागणार नाही. हे वाचायला सोपं आहे. अवघड जातं ते वैयक्तिक अडचण कुठून पुढे सार्वजनिक प्रश्न होते ते ठरवणं, आणि तिथे कालनिर्णयची पानं कामाला येतात.

खाड्याची दुसरी बाजू घराच्या आत आहे. त्या दिवशी भांडी कोण घासतं? भारताच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. हे आकडे वापरताना एक गोष्ट नेहमी सुटते. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. मुळात असं काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. न करणाऱ्या पुरुषांची शून्यं सरासरीत धरली तर ९७ कुठल्या कुठे खाली जातात. घरच्या घरी हे करायचं तर सर्वेक्षणाची पद्धत उचला: पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ चौकोन, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कागद, आणि भरायचा ज्याचा त्याने. एकाने सगळ्यांचे भरले की भांडण होतं किंवा खोटं होतं. एकाच चौकोनात दोन कामं असतील, कुकर लावलाय आणि पोराचा अभ्यास घेतलाय, तर दोन्ही लिहायची आणि मुख्य कामाला खूण करायची. तरीही एक काम कुठल्याच चौकोनात बसत नाही: गॅसचा नंबर लावायचाय, वर्गणी द्यायचीय, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, हे लक्षात ठेवणं. त्यासाठी चौकोनाबाहेर जागा सोडा आणि "हे कोणाच्या लक्षात होतं?" एवढंच लिहा.

ठाण्याच्या खाडीपलीकडे गेलं की बघण्याइतकंच ऐकण्याचं काम वाढतं. नवी मुंबईत एकाच इमारतीला दोन शब्द आहेत. सरकारी कागदात "अनधिकृत बांधकाम", गावठाणात "गरजेपोटी बांधलेलं घर". शब्दांमागे इतिहास आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे नि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज नेरूळ किंवा कोपरखैरण्यात "साडेबारा टक्के" हा शब्द गणितातला राहिलेला नाही, तो जमिनीचा प्रकार आहे. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, मग घरं बांधली गेली. ती "गरजेपोटी".

अभ्यासकाने इथे कुठला शब्द वापरायचा? दोन्ही, आणि कोण वापरतं त्याच्यासकट. वहीत "अनधिकृत" लिहिलं की आपण नकळत एका टेबलाच्या एका बाजूला बसलेलो असतो, "गरजेपोटी" लिहिलं की दुसऱ्या. चालत जाऊनही हे कळतं. सेक्टरचे रस्ते सरळ, कोपरे काटकोनात, पाटीवर आकडे. घणसोली किंवा सानपाडा गावात शिरलं की गल्ली वळायला लागते, पत्ता सेक्टरऐवजी माणसाच्या, आळीच्या, देवळाच्या नावाने सांगितला जातो. तीन वेगवेगळ्या माणसांना एकच पत्ता विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या खुणा लिहून घ्या: मॉल, गावदेवीचं देऊळ, की तलाव. कुणाचं शहर कुठल्या खुणांनी बांधलंय ते कळतं. ठाण्यातही नितीन कंपनी, कॅसल मिल, गोल्डन डाइज ही कारखान्यांवरून पडलेली नाक्यांची नावं रोज तोंडात असतात. टॉवरांच्या जाहिराती बघून शहर कळत नाही, ते शेअर रिक्षावाल्याच्या हाळीत ऐकावं.

वाशीचा एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समितीचा) घाऊक बाजार हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक तुलना इथेच करून टाकतो. मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इथे हलले आणि माल वाहणारे माथाडीही आले. त्यांच्यामागे १९६९चा माथाडी कायदा आहे, तो आणण्यात अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. माथाडी टोळीत काम करतात आणि त्यांची नोंदणी आणि मजुरी दोन्ही माथाडी मंडळामार्फत होतात. टोळीतल्या पाच जणांना गाव विचारा. सातारा जिल्हा, बऱ्याचदा पाटण-जावळीचा पट्टा, कधी एकाच वाडीची नावं येतात. काम मिळालं ते भाऊ, चुलता, मेहुणा यांच्याकडून. आता मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेलं सूत्र घ्या: नोकरीची बातमी जिवलगापेक्षा तोंडओळखीच्या माणसाकडून जास्त येते, कारण जिवलगाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. त्यांच्या अभ्यासातली माणसं अमेरिकेतली कचेरीत काम करणारी होती. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जुन्या कंपनीतल्या कुणाच्या तरी रेफरलवर आलेल्यांना ते लागू पडेल, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पडणार नाही. तिथे बातमी मिळून उपयोग नाही, टोळीत घेणारा लागतो. ऐरोली आणि तुर्भे एकाच ट्रान्स-हार्बर मार्गावर आहेत. पुस्तकातलं सूत्र तपासायला एका तिकिटात दोन ठिकाणं.

जातीबद्दल सगळ्यांत जास्त चुका होतात. "आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जात कोण विचारतो" हे वाक्य प्रामाणिकपणे बोललं जातं, कारण लिफ्टमध्ये, जिममध्ये खरंच कोणी विचारत नाही. चूक बघण्याच्या जागेची आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवलं होतं. म्हणजे लिफ्ट-जिमपेक्षा वधू-वर मेळाव्याचे फलक बघावेत. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीतली माणसं अभंग एकत्र गातात आणि ब्राह्मण नि मराठा जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी टिपलं. गाणं ऐकून थांबल्या असत्या तर अर्धीच नोंद झाली असती. हीच युक्ती सोसायटीच्या गणपतीला लावा: आरतीला कोण असतं हे सोडा, महाप्रसाद कोणी रांधला, वाढायला कोण, पंगत संपल्यावर भांड्यांपाशी कोण.

आणि भाड्याचं घर. ब्रोकरचे प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लिहा: बजेट, फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, "पूर्ण नाव काय?" शेवटच्या प्रश्नानंतर फ्लॅट किती उरले तेही. एकाच ब्रोकरवरून बोलू नका, चौघांकडून क्रम घ्या. ब्रोकर बहुधा म्हणेल, "मला काही नाही हो, मालकाचं आहे." मालक म्हणेल सोसायटीचं आहे. सोसायटीच्या उपविधीत ते सापडणार नाही. कोणाच्याच मनात नसलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम असा हाताला लागतो.

आडनावावरून, रंगावरून, बोलीवरून जात किंवा गाव ओळखल्याचा भाव मात्र वहीत येऊ देऊ नका. आपल्याला आलेला अंदाज "वाटलं"च्या रकान्यातच राहू दे. स्वतःच्याच इमारतीत बघणाऱ्याला आणखी एक अडचण येते, ओळखीच्या गोष्टी दिसतच नाहीत. त्यावर साधा उपाय आहे. पाहुण्यांना, शक्यतो दहा-बारा वर्षांच्या मुलाला, आवारात फिरवून त्याला पडलेले प्रश्न लिहून घ्या. "त्या काकूंचा कप वेगळा का आहे?" हा प्रश्न मोठा माणूस विचारणार नाही.

नावं, फ्लॅट नंबर, चेहरे टिपायचे नाहीत. कोणी विचारलं काय लिहिताय, तर खरं सांगायचं आणि ते नको म्हणाले तर ते पान फाडायचं. कामवालीला प्रश्न विचारायचे ते तिच्या वेळेत, मालकिणीच्या स्वयंपाकघरात नाही. तिथे ती पगार देणाऱ्याच्या कानासाठी उत्तरं देते.

एका जागेची वही दोन-तीन महिन्यांत भरते. मग ऋतू बदलून पुन्हा तिथेच जा. चौथ्या सीटचंच घ्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गाड्या कोलमडतात, फर्स्ट क्लासच्या दारातही सेकंडइतकीच माणसं लोंबकळतात, सगळ्यांच्या छत्र्यांतून पाणी गळत असतं. त्या संध्याकाळी फर्स्ट क्लासमध्ये कोणी सरकतं का, किती वाजता, आणि पहिल्यांदा "बसा" कोण म्हणतं, ते टिपायला वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.